कडुनिंबाला बांधलेला कूलर

१

आमच्या गल्लीने आजवर एकच आरोपी मुद्देमालासकट पकडला आहे, आणि तो कूलर होता.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. त्या वर्षी नागपुरात असं तापलं होतं की डांबरात चपला चिकटून माणसं अनवाणी घरी पोचायची, आणि उन्हं उतरल्यावर आपापली चप्पल खरवडून न्यायला परत यायची. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. उन्हाबद्दल मी बोलेन त्यातलं निम्मं सोडा. आजाराबद्दल बोलेन त्यातलं काही सोडू नका.

महाल भागातल्या आमच्या गल्लीत माझं सायकलचं दुकान होतं. त्या सकाळी फळी उघडायला आलो तर कडुनिंबाखाली ही गर्दी. झाडाला चऱ्हाटानं पत्र्याचा कूलर बांधलेला, जाळी फाटलेली, पंख्याचं एक पातं वाकलेलं. शेजारच्या ओट्यावर तो बनवणारा ओमप्रकाश मिस्त्री बसला होता. जरीपटका वस्तीतला सिंधी माणूस, सदऱ्याची कॉलर उसवलेली, आणि दोन्ही बाजूंना आमच्या गल्लीतले दोन दांडगे.

त्या उन्हाळ्यात ओमप्रकाशनं आमच्याकडे चार कूलर बसवले होते. पहिला रामाजीकडे. रामाजी वरातीच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. दुसरा लोणची-पापडवाल्या रंभाबाईंकडे. तिसरा किराणावाल्या नत्थूजीकडे, तोच हा झाडाला बांधलेला. आणि एप्रिल संपता संपता रामाजींच्या अंगावरून वारं गेलं. थोड्या दिवसांनी रंभाबाईंच्या. आणि आदल्या दिवशी दुपारी नत्थूजीच्या बायकोच्या, जयवंताच्या. तिशीही न गाठलेली पोर, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

आमच्याकडे लकव्याला म्हणतात 'अंगावरून वारं गेलं'. आता कूलर काय करतो? वारं सोडतो. मग आरोपी शोधायला पोलीस कशाला लागतात?

चौथा कूलर माझा. त्यामुळे लोक माझ्याकडे असे बघत होते, जसे बसमध्ये उभे असलेले लोक पुढच्या स्टॉपवर उतरणाऱ्याकडे बघतात.

"याची पिशवी पाहा रे," नत्थूजी म्हणाला. पिशवीतून पाना निघाला, पकड निघाली, आणि फडक्यात गुंडाळलेली एक हिरवी बाटली निघाली.

"हेच! टाकीत काहीतरी टाकताना मी पाहिलं होतं याले!" कुणीतरी ओरडलं.

नत्थूजीनं बूच काढून बाटली ओमप्रकाशच्या तोंडासमोर धरली. "पाणीच असंन तर पिऊन दाखव."

ओमप्रकाशनं तोंड फिरवलं. "पीने की चीज नहीं है, सेठ," एवढंच म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

२

"बांधलं आहे कुणाला, कूलरला की माणसाला?"

मागून आवाज आला आणि गर्दी आपोआप फाकली. डॉक्टर इंदुताई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. भाचीच्या लग्नासाठी त्या एप्रिलातच परगावी गेल्या होत्या, तासाभरापूर्वी परतल्या होत्या. हातावर अजून मेंदी आणि त्याच हातात औषधाची पेटी. फौजदार व्हायच्या त्या चुकून डॉक्टर झाल्या, असं आम्ही म्हणत असू. साध्या खोकल्यालाही उलटतपासणी करायच्या.

सगळं ऐकून त्या आधी नत्थूजीच्या घरात, जयवंताकडे गेल्या. मी दारात उभा होतो. त्यांनी पोरीची नाडी धरली, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मोजायला लागल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि शेवटी मोजणंच सोडून दिलं. छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकत बसल्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, "नत्थूजी, हिला मोठ्या दवाखान्यात हलवा. आत्ता."

"दवाखान्यात काहून, बाई? संध्याकाळच्या बसनं खाप्याले नेतो. तिथल्या बाबाची मुळी दंडात बांधली का रंभाकाकू कशी खडखडीत झाली, ऐकलं ना तुम्ही? दवाखान्यात तर रामाजीबी गेले होते. त्यायचा हात आला का?"

गर्दीत माना डोलल्या. मुद्दा बिनतोड होता.

"अन् वारं तर मी घराबाहेर फेकून देलं," नत्थूजीनं कूलरकडे बोट केलं.

"ते यातून आलंच नसेल तर?"

"म्हंजे?"

"म्हणजे ज्यानं हे केलं तो अजून तुमच्या घरातच आहे," इंदुताई म्हणाल्या. "आणि तो पुन्हा येईल. बस सुटेपर्यंत मला वेळ द्या. तोवर या मिस्त्रीला कुणी हात लावायचा नाही. गणपतराव, तुम्ही चला माझ्यासोबत."

"मी काहून?"

"पुढचा नंबर तुमचा आहे म्हणतात. तुमच्याइतकी निकड कुणाला आहे?"

३

रामाजी खाटेवर पडून उजव्या हातानं बिडी ओढत होते. डावा हात पोटावर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. खुंटीला क्लॅरोनेट टांगलं होतं, त्याकडे त्यांनी पाठ केली होती.

"एकदम गेला का हात?" इंदुताईंनी विचारलं.

"एकदम कुठं, बाई? हप्त्या-हप्त्यानं गेला. सकाळी बोटं गेली. 'सा' लागे पण 'रे' लागेच ना. दुपारी कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवशी पाय जड."

"त्याआधी काही त्रास?"

"आधी मले काही नव्हतं. आधी त्रास बिजलीवाल्यायचा. मी कूलरसमोर बसलो का व्होल्टेज डाऊन! वरून असा काळा पडदा खाली ये, अन् थोड्या वेळानं आपोआप वर जाये. दोन-तीनदा झालं. मी ऑफिसात जाऊन भांडून आलो."

"माझ्याकडं तर दिवा चांगला जळत होता," मी म्हणालो.

"तू तर चुप राय गा, गणपत! तुह्या दुकानात दिवा जळला काय अन् विझला काय."

इंदुताई पुढे सरकल्या. "पडदा आला तेव्हा एक डोळा मिटून पाहिलात का?"

रामाजी खुलले. इतक्या मुद्द्याचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "पाहिला ना! डावा मिटला का ठार अंधार. उजवा मिटला का लख्ख उजेड. तेच तर मी त्या साहेबाले सांगितलं, व्होल्टेज निस्तं उजवीकूनच कमी येऊन राहिलं!"

मी हसलो. इंदुताई हसल्या नाहीत. "अंधार उजव्या डोळ्यात, आणि हात गेला डावा," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि नळी काढून रामाजींच्या मानेच्या उजव्या बाजूला लावली.

"छाती खाली आहे, डॉक्टरीणबाई," मी आपलं सुचवलं.

त्यांनी उत्तर न देता नळीची टोकं माझ्या कानात घातली. आणि काय सांगू! आतून सर्र-सर्र, सर्र-सर्र आवाज. हुबेहूब कूलरचा.

मी वळून पाहिलं. रामाजींचा कूलर कोपऱ्यात पाठ करून उभा होता. त्याचा प्लग महिन्याभरापासून उपटून ठेवलेला होता.

४

रंभाबाई पाटावर बसून कैऱ्या फोडत होत्या. लकवा होऊन पुरता महिना झाला नव्हता आणि विळीवर डावा हात सफाईनं चालला होता. दंडात काळ्या दोऱ्यात बांधलेली मुळी.

"बाबाचा प्रताप आहे, बाई! हे अंग सारं लुळं पडलं होतं, तोंड, हात, पाय. आता पाहा!" त्यांनी हात नाचवला. "तुमचं दुकान बंद करा आता."

"बोलणं गेलं होतं का?"

"बोलणं?" मी मध्ये पडलो. "त्या दिवशी तर सगळ्यात जास्त बोलल्या. अख्ख्या गल्लीले शिव्या घातल्या."

"तुले तर आज पण घालीन, थांब."

इंदुताई हात धुवायच्या निमित्तानं मोरीशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मोरीच्या कडेनं काळ्या मुंग्यांची मोठी रांग लागली होती. "इथे गूळ सांडला होता का?"

"कशाचा गूळ? नुसत्या मोरीतच येतात मेल्या. सकाळी तर मुद्दाम येतात."

इंदुताईंनी दंडाला पट्टी बांधून ब्लडप्रेशर पाहिलं. पारा चढत गेला तो चढतच गेला. मला वाटलं आता नळी फोडून वर निघतो आणि छताला धडकतो.

"त्या रात्री कूलर किती वेळ चालला?"

"कूलर?" रंभाबाईंनी विळी आडवी केली. "अवं, उन्हाळ्यात खाली कोण झोपते? आमी सारे गच्चीवर. पहाटे उठाले गेली अन् अंग उचलेच ना. वरून मले चौघांनी खुर्चीवर बसवून उतरवलं, जशी काही वरात."

"मग खाप्याला कशा गेलात? उचलूनच?"

"नाही वं! ते तर चौथ्या दिवशी. बसमध्ये ही गर्दी. बसाले जागा नाही, अर्ध्या रस्त्यापर्यंत उभी गेली. वरचा दांडा घट्ट धरून..."

"कोणत्या हातानं?"

रंभाबाईंनी झोकात डावा हात वर केला. उजव्या हातात पिशवी होती ना, असं सांगायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं.

५

नत्थूजीच्या घरी जयवंताच्या सासूबाईंनी, कांताबाईंनी, आम्हाला बैठकीत बसवलं. भिंतीशी कूलर होता तिथे आता चौकोनी डाग उरला होता.

"इथेच होता का नेहमी?"

"हाव. इथी ह्यायची बैठक. माणसं बसतात, गिऱ्हाईकं येतात."

"आणि जयवंता कुठे बसायची कूलरसमोर?"

कांताबाईंनी गालाला हात लावला. "मायबाई! काय बोलता? सासऱ्यापुढं, जेठापुढं सून बैठकीत बसते का? तिचं सारं मागं, चुलीपाशी. तिथंच तर पडली. भाकरी टाकत होती. एक तव्यावर, एक हातात, अन् अशी, बोलता बोलता, लाइट बंद झाल्यावाणी."

"मागे वारं येतं?"

"खिडकीच नाही तर वारं कुठून येईन?"

हे वाक्य बोलून झालं आणि त्यांनीच वळून मागच्या दाराकडे पाहिलं. माझ्याही डोक्यात तेव्हाच लख्ख पडलं. ज्या कूलरला आम्ही झाडाला बांधलं होतं, त्याचं वारं या पोरीच्या पदराला कधी लागलंच नव्हतं.

"कामाला कशी होती?" इंदुताईंनी विचारलं.

"खोटं काहून बोलू? जरा आळशीच. पाण्याची घागर घेऊन जिना चढली का वरच्या पायरीवर फतकल मारून बसे. छातीत धडधडते म्हणे. अन् झोपाले दोन उशा लागत राणीसाहेबाले, नाहीतर दम लागे."

इंदुताई उठून जयवंताच्या खाटेपाशी गेल्या. पोर डोळे उघडे ठेवून पडली होती. ऐकू येत होतं, कळत होतं, फक्त शब्द सापडत नव्हता.

"जयवंता, बोलू नको. मी विचारते, तू दाखव. लहान असताना ताप येऊन सांधे सुजले होते का गं?" त्यांनी तिच्या गुडघ्याला हात लावला.

जयवंतानं डावा हात उचलला. आधी एका गुडघ्यावर ठेवला. मग दुसऱ्या. मग तो हळूहळू वर आला आणि उजव्या मनगटावर थांबला. दुखणं एका जागी न राहता फिरत होतं, हे तिनं असं सांगितलं.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला कुणीतरी बऱ्याच वर्षांनी काहीतरी विचारलं होतं.

"आरोपी सापडला," इंदुताई बाहेर येऊन म्हणाल्या. "सगळ्यांना कडुनिंबाखाली बोलवा. रामाजींना खुर्चीवर आणा."

६

खाप्याच्या बसला अजून अवकाश होता. गल्ली जमली. कूलर तसाच बांधलेला.

इंदुताईंनी आधी हिरव्या बाटलीचं बूच काढून बाटली माझ्या नाकाखाली धरली.

"खस!" मी म्हणालो.

"खसचं, वाळ्याचं अत्तर. आता त्या जाळीतलं काढून हुंगा."

फाटक्या जाळीतून मी मूठभर ओढून काढलं. लाकडाचा कीस. नुसता, लांब-लांब, रंधा मारलेला.

"बहेनजी," ओमप्रकाशनं हात जोडले, "बोलू नका, धंदा बसेल."

"खसच्या ताट्या म्हणून यानं तुम्हाला लाकडाचा कीस विकला आणि वर अत्तर शिंपडलं. चोराचा चेहरा होता, कारण चोरी होती. पण ती वेगळीच. लकव्याशी तिचा संबंध नाही. गणपतराव दिवसभर कूलरसमोर बसतात. यांचं काय लुळं पडलं?"

"जीभ तरी पडाले पाहिजे होती," रंभाबाई म्हणाल्या.

"तुम्ही चुकलात ते एका शब्दानं. तिघांना 'वारं गेलं', म्हणून वारं एक, म्हणून आरोपी एक. आपल्या गल्लीत तीन घरचं पाणी बंद झालं तर तुम्ही काय शोधता? नळ एकच नसतो. कुठे अडलं ते पाहता. डोक्यातही रक्त नळ्यांनीच जातं, आणि ते अडलं की लकवा.

"रामाजी. उजव्या डोळ्यापुढे अंधार, आणि हात डावा गेला. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते. मग उजवा डोळा आणि मेंदूची उजवी बाजू, दोघांचं पाणी जिथून फुटतं ती जागा कोणती? मानेतली उजवी मोठी नळी. तिच्यात गंज चढला आहे. वर्षानुवर्षांच्या बिडीचा. गणपतरावांनी कानानं ऐकलं, अरुंद जागेतून रक्त सर्र-सर्र जातं. व्होल्टेज कमी झालं होतं, रामाजी, पण तुमच्या मानेत. तो पडदा म्हणजे सूचना होती. ती तुम्ही बिजलीच्या ऑफिसात नेऊन दिली."

रामाजींनी उजव्या हातातली बिडी पाहिली. टाकली मात्र नाही.

"रंभाबाई. मोरीला मुंग्या लागतात, कारण लघवीत साखर आहे. पारा छतापर्यंत चढतो, हे रक्ताच्या दाबाचं. साखर आणि दाब मिळून मेंदूच्या आतल्या बारीक, केसाएवढ्या नळ्या खराब करतात. त्यातली एक बंद झाली. नळी बारीक, म्हणून नुकसान बारीक. शुद्ध गेली नाही, वाचा गेली नाही, हात-पाय लवकर आले. अशांतले पुष्कळ जण आपसूक सुधारतात."

"अन् मुळी?" नत्थूजीनं विचारलं.

"ते त्यांनाच विचारा."

रंभाबाईंनी दंडावरचा काळा दोरा चाचपला.

"आणि जयवंता," इंदुताईंचा आवाज बदलला नाही, पण त्या सावकाश बोलू लागल्या. "हिच्या नळ्यांना गंज नाही, साखर नाही, दाब नाही. हिच्या लहानपणीच्या तापानं सांधे सोडले आणि हृदयाची झडप धरली. झडप आखडली. जिना चढता येत नाही तो आळस नव्हता, कांताबाई. नाडीला ताल नाही. मी मोजायला गेले तर मोजताच येईना. असं हृदय नीट उपसा करत नाही, आत रक्त साचतं, त्याच्या गुठळ्या होतात. त्यातली एक सुटली आणि वर जाऊन अडकली. म्हणून हप्त्या-हप्त्यानं नाही, भाकरी हातात असताना, एका क्षणात."

"पण रंभाकाकूसारखीच सुधरंन ना थे?" नत्थूजीचा आवाज फाटला.

"नाही. म्हणून तर सकाळीच दवाखान्यात हलवा म्हटलं. रंभाबाई बऱ्या झाल्या म्हणून जयवंता होईल, असं नाही. नाव एक आहे, आजार एक नाही. त्या गुठळ्यांचं घर तिच्या छातीत अजून तसंच आहे. दुसरी कधी सुटेल मला सांगता येत नाही. खाप्याच्या रस्त्यातही सुटेल. दवाखान्यात हृदयाचा ताल आवरता येईल, पुढे गुठळी होऊ नये म्हणून औषध देता येईल. वाचा परत येईलच असा शब्द मी देत नाही. ती जगावी यासाठी सांगते आहे."

नत्थूजी आईकडे बघे, आई जमिनीकडे.

तेव्हा रंभाबाई उठल्या. मुळीचा दोरा दातानं तोडला.

"नत्थ्या, मी खाप्याले गेली ना, थे याच हातानं दांडा धरून गेली. मुळी तर मग बांधली. अकलेनं काम घे जरा. पोरीले दवाखान्यात ने."

गल्लीत मोटार शिरत नव्हती. ओमप्रकाशनं न विचारता आपला कूलर वाहायचा हातठेला ओढून आणला, त्यावर गादी घातली. उसवलेल्या कॉलरीचा तो माणूस पुढून ओढत होता आणि त्याची कॉलर उसवणारा मागून ढकलत होता. कूलर झाडालाच राहिला; त्याला सोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

७

आता पुढचं. रंभाबाई साखरेवरच्या गोळ्या घेत आणि लपून लोणचं खात पुष्कळ वर्षं जगल्या, आणि शेवटपर्यंत मला शिव्या घालत राहिल्या. रामाजींची बिडी सुटली नाही. पुढच्याच वर्षी दुसरा झटका आला, पहिल्याहून मोठा. डावा हात कायमचा गेला. मग एका हातानं वाजतो म्हणून त्यांनी बँडमधला मोठा ढोल घेतला, आणि हातठेल्यावर बसून ठेका असा धरायचे की घोडी नवरदेवाला सोडून त्यांच्या मागे जायची.

जयवंता दवाखान्यात महिनाभर होती. पुढे मुंबईला नेऊन तिची झडप मोकळी करून आणली. हात अर्धामुर्धा आला. वाचा मात्र येईना. वर्ष गेलं.

पुढच्या मे महिन्यात ओमप्रकाशनं तोच कूलर दुरुस्त करून नत्थूजीकडे आणला. या वेळी जाळीत खरी खस होती. सगळ्यांनी हुंगून घेतली. मी प्लग लावायला गेलो होतो. बैठकीत सासरे होते, जेठ होते, दोन गिऱ्हाईकं होती.

जयवंता मागच्या घरातून आली. भिंतीला धरत धरत बैठकीत आली आणि सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची ओढून कूलरच्या थेट समोर बसली. कांताबाईंनी उठून तिच्या पाठीशी उशी लावली.

पोरीनं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, डाव्या हातानं कूलर दाखवला. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. गल्लीत वर्षभर जो शब्द उच्चारायला लोक भीत होते, तोच तिला आधी सापडला.

"वा... रं," ती म्हणाली. आणि मग चिडून, अगदी स्पष्ट, "लाव ना!"

मी बटण दाबलं.